गाळातलं कुलूप

त्या दिवशी पाण्याखाली मला माझा हातही दिसत नव्हता. टॉर्च लावला की डोळ्यांपुढे तपकिरी भिंत उभी राहायची, म्हणून तो बंदच होता. डावा हात तळाशी बांधलेल्या दोरावर, उजवा खडकाच्या कपारीत. बोटांना गोटे लागले, शिंपले लागले, मग बाटलीची मान लागली आणि तिच्यामागे मुठीपेक्षा मोठा, खरखरीत, आकाराच्या मानाने फारच जड असा एक गोळा. दगड इतका जड नसतो. एवढ्या एका कारणावरून तो मी जाळीच्या पिशवीत टाकला. पुढचं दीड वर्ष त्या गोळ्याने खाल्लं.

काठावर आल्यावर माझ्या जोडीदाराने पिशवीत डोकावून पहिला प्रश्न विचारला, “हे फुटणारं नाही ना?”

मी हसलो. तो हसला नाही, आणि त्याचंच बरोबर होतं. नदीतून निघालेला लोखंडी गोळा तोफेचाही असू शकतो. कवच घट्ट असेल तर आतली काळी दारू पाण्याखाली राहूनही कोरडी राहते. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला, सुमारे १४० वर्षं जुना तोफगोळा साफ करताना फुटला आणि एक जाणता संग्राहक स्वतःच्या अंगणात मरण पावला. मला ही गोष्ट माहीत होती. तरी पाण्याखाली, लोभाच्या भरात, मी वस्तू आधी उचलली आणि विचार नंतर केला. आमच्या गोळ्याला सुदैवाने एका बाजूला अर्धगोल कान बाहेर आलेला होता, आणि तोफगोळ्याला असा कान नसतो. पण हे मी काठावर, उजेडात पाहिलं. आता आमचा नियम असा की गोल आणि जड काही हाताला लागलं तर ते जागेवर सोडायचं, दोराला खूण बांधायची, वर येऊन पोलिसांना कळवायचं.

नदीत वस्तू वाटेल तिथे सापडत नाहीत. जिथे पाण्याचा जोर कमी होतो तिथे नदी हातातलं ओझं खाली ठेवते. आडव्या खडकाची पाठ, रांजणखळगे, पुलाच्या खांबांचे पायथे या तिच्या ठेवायच्या जागा. शिवाय माणसं पाण्याजवळ जिथे येत-जात होती तिथेच त्यांच्या हातून काही पडणार. आम्ही जो पट्टा निवडला तिथे जुन्या नकाशावर होडीचा धक्का दाखवला होता. आज तिथे दोन्ही काठांना नुसती झाडी. पहिले तीन दिवस काहीच मिळालं नाही. मग जुना नकाशा आणि उपग्रहाचं चित्र एकमेकांवर ठेवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की पात्र चांगलं चाळीस मीटर सरकलंय. आम्ही जिथे गाळ उपसत होतो तिथे त्या काळी शेत असणार.

समुद्रात डायव्हिंग शिकलेल्याला नदी सोपी वाटते, कारण खोली जेमतेम पाच-सहा मीटर. तोच घात. गोड्या पाण्यात उचल कमी, म्हणजे हिशेबाने कमरेला शिसं कमी लागायला हवं. पण प्रवाहात तळाला चिकटून राहायचं तर उलट जास्त बांधावं लागतं, आणि ते एका झटक्यात सोडताही आलं पाहिजे. मासेमारीची तुटलेली नायलॉनची दोरी अंगाभोवती गुंडाळली जाते, म्हणून कटर छातीवर, दोन्ही हातांना पोचेल असा. सगळ्यात वाईट म्हणजे पाण्यात आडवं पडलेलं झाड. पाणी फांद्यांतून आरपार जातं, माणूस जात नाही. प्रवाह त्याला तिथेच दाबून धरतो. सुरुवात नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करायची, म्हणजे दमल्यावर परत येताना नदी आपल्याला आणते. मोठ्या पावसानंतर काही दिवस पाण्यात उतरायचंच नाही, कारण काठावरची सगळी घाण तेव्हा नदीत असते. कानाचं एक दुखणं मी असल्याच घाईत कमावलं आहे.

परवानगीचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगण्याइतकं रंजक नाही पण टाळण्याइतकं क्षुल्लकही नाही. पाण्यात सापडलेली वस्तू आपोआप सापडणाऱ्याची होत नाही. ब्रिटनमध्ये १९९६ चा कायदा आहे, भारतात १८७८ पासून निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा आहे, लंडनच्या थेम्सकाठी तर चिखलात नुसतं शोधायलाही परवाना लागतो. युनेस्कोच्या २००१ च्या करारात १०० वर्षं पाण्याखाली राहिलेल्या मानवी खुणांना वारसा म्हटलंय, आणि त्या जागच्या जागी जपणं हा पहिला पर्याय मानला आहे. आम्हाला लेखी परवानगी मिळायला चार महिने लागले. तीन वेळा तोच अर्ज, तीन वेळा वेगळी त्रुटी. चिडचिड झाली, पण त्या अर्जामुळेच एका संग्रहालयातल्या संवर्धक बाईंशी ओळख झाली. ती ओळख नसती तर हा गोळा आज लोखंडाच्या भुग्याची पुडी असता.

असं मी कशावरून म्हणतो? तर आदल्या वर्षीच्या बुटाच्या तळव्यावरून.

तो तळवा मला एका खळग्यात मिळाला होता. चामड्याचा, पूर्ण, कडेने टाक्यांची बारीक भोकं ओळीने दिसत होती, टाचेत लाकडी खुंट्या होत्या. डाव्या पायाचा. अंगठ्याखाली झिजलेला. मी तो घरी आणला, नळाखाली धुतला आणि खिडकीत वर्तमानपत्रावर वाळत ठेवला. पुस्तक भिजलं तर आपण जे करतो तेच. तिसऱ्या दिवशी तळव्याच्या कडा वर वळल्या. आठवड्याने तो लहान मुलाच्या बुटाएवढा झाला होता, काळा, कडक, आणि हातात घेतला तर मधून तडकला. खुंट्या गळून पडल्या. माझ्या टेबलाच्या खणात तो अजून आहे. कुणी मला “तुम्ही जुन्या वस्तू वाचवता” वगैरे म्हणालं की मी तो काढून दाखवतो.

झालं होतं ते असं. चामडं काय, लाकूड काय, वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की जिवाणू त्यातला ताकदीचा भाग हळूहळू खातात. आकार मात्र तसाच दिसतो, कारण रिकाम्या झालेल्या जागा पाण्याने भरलेल्या असतात. ते पाणी उडून जायला लागलं की जाताना भिंती आत ओढतं, आणि त्या भिंतींत उभं राहायचं बळ उरलेलं नसतं. स्वीडनचं वासा हे जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं गेलं. त्यावर नंतर सतरा वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाच्या मेणासारख्या पदार्थाचे फवारे मारत होते, पाण्याची जागा त्याने घ्यावी म्हणून. सतरा वर्षं! आणि मी खिडकीत वर्तमानपत्र अंथरलं होतं.

तेव्हापासून पाण्यातून निघालेली वस्तू पाण्यातच ठेवायची, हे ठरलेलं. झाकणाचे डबे, त्यात नदीचंच पाणी, डब्यावर चिठ्ठी: तारीख, दोरावरचं अंतर, खोली, शेजारी काय होतं. ही चिठ्ठी लिहायचा मला सुरुवातीला कंटाळा यायचा. नदीच्या तळात थरांना फार अर्थ नसतो, जुन्या बाटलीच्या खाली प्लास्टिकचं बूच मिळतं, पूर आला की सगळं ढवळलं जातं. पण शेजार कधी कधी उपयोगी पडतो. गोळ्याच्या शेजारची ती बाटली, उदाहरणार्थ.

बाटली ओळखणं हा या छंदातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चटक लावणारा भाग. काचेवर साच्याची उभी शिवण असते. बोटाने ती खालून वर चाचपत जायचं. शिवण मानेवर कुठेतरी विरली तर तोंड हाताने घडवलेलं आहे. ती थेट ओठावरून पलीकडे गेली तर बाटली पूर्णपणे यंत्राची. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमाराचं, त्यामुळे ओठावरून गेलेली शिवण दिसली की त्याच्या मागे जायचं नाही. बुडाला मध्यभागी खडबडीत, तुटल्यासारखा व्रण असेल तर ती त्याहूनही आधीच्या पद्धतीची. तोंड घडवताना बाटली बुडाला सळई चिकटवून धरायचे, त्या सळईची ती खूण. गळ्याला दाबून आत काचेची गोटी बसवली असेल तर हायरम कॉडचा १८७२ चा पेटंट आठवायचा. चिनी मातीच्या बशीमागे देशाचं नाव छापलेलं असेल तर ती बहुधा १८९१ च्या पुढची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं आणि कारखान्यांनी ते सरसकट छापायला घेतलं. या सगळ्या खुणा ‘याच्या आधीची नाही’ इतकंच ठामपणे सांगतात. ‘याच्या नंतरची नाही’ हे सांगणं अवघड, कारण एकेक बाटली पन्नास वर्षं वापरात असू शकते.

आमच्या बाटलीची शिवण मानेच्या मध्यावर संपत होती. बुडाला व्रण नव्हता. अंगावर इंद्रधनुषी झाक होती, तेलाचा थेंब पाण्यावर पसरावा तशी. ती घाण नव्हे, ती काचच आहे. बाहेरचे थर झिजून पापुद्र्यासारखे सुटतात आणि उजेड त्यात खेळतो. घासली तर झाक जाते आणि काचही जाते. मी बाटली फक्त पाण्याने विसळली, सावलीत वाळवली आणि बाजूला ठेवली. तिचं काम तेवढंच.

गोळ्याचा डबा त्या संध्याकाळी पुन्हा उघडला तेव्हा मला धक्का बसला. सकाळी त्याच्या एका बाजूला पांढुरका गाळ चिकटलेला होता. तो निळा झाला होता. फिकट नाही, नीळ टाकल्यासारखा गडद निळा. मला वाटलं, जुना रंग असणार, म्हणजे वस्तू रंगवलेली होती! रात्री साडेदहाला बाईंना फोटो पाठवला. सकाळी उत्तर आलं: “व्हिव्हिअनाइट आहे. रंग नव्हे, खनिज आहे. खरवडू नका. उद्या घेऊन या.” हवा न पोचणाऱ्या गाळात लोखंड आणि फॉस्फेट एकत्र आले की ते तयार होतं, गाळात असेपर्यंत बिनरंगी असतं, आणि हवा लागली की निळं पडतं. म्हणजे तो गोळा आजवर हवेशिवाय पडून होता, आणि माझ्या झाकणाच्या डब्यातही हवा पुरेशी होती.

बाईंनी गोळा हातात घेऊन उलटसुलट केला. वजन केलं: १ किलो ३८० ग्रॅम.

“चुंबक लावून पाहिलाच असेल तुम्ही?”

“हो. चांगला चिकटतो.”

“मग आत लोखंड शिल्लक आहे असं ठरवून मोकळे झालात?”

मी गप्प. गंजाचाच एक प्रकार, मॅग्नेटाइट, स्वतः चुंबकाला चिकटतो. आत धातूचा कणही उरलेला नसला तरी चुंबक चिकटेल. मी आधीच्या वर्षी याच भरवशावर एक घोड्याची नाल इलेक्ट्रोलिसिसला लावली होती. ही पद्धत छंदी लोकांत फार लाडकी आहे, आणि का ते कळतं: टब, धुण्याचा सोडा, बॅटरीचा चार्जर, वस्तू ऋण टोकाला, धन टोकाला साध्या लोखंडाचा पत्रा, बुडबुडे येतात, गंज सुटतो, सकाळी पाणी काळं झालेलं असतं. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि खोली उघडी हवी, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. हे सगळं मी नीट केलं होतं. तरी नाल बाहेर आली ती उंदराने कुरतडल्यासारखी. माझी समजूत अशी होती की गंज म्हणजे वरचा मळ आणि खाली खरी वस्तू. बाईंनी ती त्या दिवशी खोडून काढली.

लोखंड गंजतं तेव्हा फुगतं. गंज मूळ कडेच्या बाहेरही वाढतो आणि आतही शिरतो. त्यामुळे वस्तूची मूळ कड, जिच्यावर कानशीचे ओरखडे, ठसे, अक्षरं असतील ती, उरलेल्या धातूवर नसते. ती गंजाच्याच थरांमध्ये कुठेतरी असते. धातूपर्यंत गंज काढून टाकला की ती कड बुडबुड्यांबरोबर गटारात जाते. माझ्या नालेची गेली तशी.

म्हणून आधी एक्स-रे. संग्रहालयाच्या यंत्रावर, दोन बाजूंनी.

पडद्यावर राखाडी धुक्यात आधी तो कान उजळला, जाड, सलग. मग त्याखाली ढालीच्या आकाराचं पोट. मी “कुलूप” म्हणालो तेव्हा बाई आधीच मान हलवत होत्या. पोटात एकावर एक पातळ पट्ट्या, बाजूने घेतलेल्या चित्रात मोजल्या तर चार. आणि चावीच्या भोकाच्या जागी एक पांढराशुभ्र चौकोनी तुकडा, एका कडेला दोन खाचा असलेला. चावीचं पातं. दांडा नव्हता, पात्याच्या थोडं वर वाकडी कड होती, मोडल्यासारखी.

आम्ही दोघंही काही वेळ ते चित्र नुसतं पाहत राहिलो. कुलूप बंद होतं. कडीची, म्हणजे त्या कानाची, दोन्ही टोकं आत. चावी भोकात मोडलेली. मग ते नदीत कसं आलं? कडी कुठेही करवतलेली नव्हती, तेव्हा कोयंडाच उपटला असणार, किंवा पेटीसकट बुडलं आणि पेटी कुजून गेली. आणखीही चार कथा रचता येतील. बाईंनी नोंदवहीत लिहिलं: “बंद स्थितीत. चावीचे पाते आत.” कथा लिहिली नाही.

काळ ठरवायला त्या पट्ट्या उपयोगी पडल्या. चावीने पट्टी नेमकी हवी तितकीच उचलली गेली पाहिजे, कमी नाही, जास्तही नाही, अशी रचना रॉबर्ट बॅरनने इंग्लंडमध्ये १७७८ साली पेटंट केली. म्हणजे त्याच्या अलीकडचं. लायनस येल धाकट्याच्या १८६१ च्या पेटंटमधल्या खिट्ट्या इथे नव्हत्या, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही, पट्ट्यांची कुलपं त्यानंतरही भरपूर झाली, आजही होतात. पोटाचे पत्रे रिव्हेटने जोडलेले, रिव्हेटची डोकी एकमेकांशी न जुळणारी, म्हणजे हाताचं काम. शेजारी ती हाताने घडवलेल्या तोंडाची बाटली. मी उत्साहाने एकेक मुद्दा जोडत गेलो. बाई म्हणाल्या, “एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध असावं. ‘असावं’ हा शब्द सोडू नका.”

मग साफसफाई, म्हणजे स्काल्पेल, दाताच्या डॉक्टरकडची टोकदार हत्यारं आणि सूक्ष्मदर्शक. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी संग्रहालयात जाऊन बसायचो. मधल्या वेळात कुलूप अल्कधर्मी द्रावणात बुडवून ठेवलेलं, कारण त्यात लोखंड गंजत नाही. वरचं कवच नारिंगी, त्यात वाळूचे कण आणि एक आख्खा छोटा शिंपला अडकलेला. ते टोकाने उडवलं की निघतं. त्याखाली रंग बदलतो: नारिंगी संपून करडा-काळा, घट्ट थर लागतो. तिथे थांबायचं. रंगाच्या आधी मला आवाजातला फरक कळायला लागला. वरच्या कवचात हत्यार करकरतं, काळ्या थराला लागलं की बारीक टक् होतं. एका बैठकीत अंगठ्याच्या नखाएवढी जागा व्हायची. पाठ धरायची. एकदा, सलग दोन तास झाल्यावर, माझा हात घसरला आणि काळ्या थरातून आरपार तीन मिलिमीटरचा ओरखडा गेला, खाली चकाकता धातू दिसला. मी हळूच बाईंकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. नोंदीचा कागद ओढला, कुलपाचं चित्र काढलेलं होतं त्यावर बारीक रेघ मारली आणि लिहिलं, “आधुनिक इजा”, पुढे तारीख. ते दोन शब्द मला ओरडण्यापेक्षा जास्त लागले.

अकराव्या का बाराव्या बैठकीत चावीच्या भोकावरचं पितळी झाकण उघडं झालं. थेंबाच्या आकाराचं, वरच्या टोकाला एका खिळ्यावर झुलणारं. हवा नसलेल्या गाळामुळे काळपट पडलेलं. पितळ म्हटलं की आपला हात आंबट काहीतरी चोळायला धावतो; बाईंनी हातात बांबूची काडी दिली आणि पाण्याचा थेंब. काळपटपणा तसाच ठेवायचा होता, फक्त माती काढायची होती. ती निघाली तेव्हा झाकणाची उजवी कड डावीपेक्षा पातळ दिसली, खालच्या भागात बोटाच्या पेराएवढी झीज. मी माझा डावा अंगठा तिथे ठेवून पाहिला. डाव्या अंगठ्याने कड दाबून झाकण बाजूला सारायचं आणि उजव्या हाताने चावी लावायची. अंगठा बरोबर त्या झिजेत बसत होता. एवढी झीज व्हायला किती हजार वेळा ते उघडलं असेल, देव जाणे.

पुढचा टप्पा क्षारांचा. गंजाच्या आत क्लोराइड दडून बसलेले असतात, समुद्रातल्या लोखंडात खूप, नदीतल्यात कमी, पण असतात. ते बाहेर काढले नाहीत तर वस्तू कपाटात, कोरड्या जागीही आतून फुटत राहते. तेच अल्कधर्मी द्रावण ठरावीक दिवसांनी बदलायचं आणि काढलेल्या पाण्याची परीक्षा घ्यायची. हे काम मी घरी करायला मागून घेतलं. परीक्षा दिसायला सुंदर आहे: परीक्षानळीत थोडं पाणी, त्यात विरल नायट्रिक आम्ल, ते आम्लधर्मी होईपर्यंत, नाहीतर चांदीचा भलताच गाळ बसतो, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. क्लोराइड असेल तर नळीत पांढरा ढग उमटतो. पहिल्या वेळी दाट ढग आला, दुसऱ्या वेळी तसाच, तिसऱ्या वेळीही. दोन महिने मी पाणी बदलतोय आणि ढग हलायला तयार नाही. मी बाईंना काळजीने कळवलं की कुलपात क्षार फारच आहेत.

“द्रावण कशात करता?”

“पाण्यात.”

“कुठल्या?”

नळाच्या. क्लोराइड नळातून येत होते. मी नुसत्या नळाच्या पाण्याची परीक्षा घेऊन पाहिली, अगदी तसाच ढग. दोन महिने कुलपातून क्षार काढण्याऐवजी मी त्याला नवे पाजत होतो. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर. ढग पुढच्या चार बदलांत विरळ होत गेला आणि मग एका सकाळी नळी स्वच्छ राहिली. मी ती खिडकीपाशी, काळ्या कागदापुढे धरून पुष्कळ वेळ हलवत होतो, काही चुकलं तर नाही ना म्हणून.

शेवटचे सोपस्कार बाईंच्या देखरेखीखाली झाले. आधी डिस्टिल्ड पाण्याने वारंवार धुणं, मग आतलं पाणी अल्कोहोलने ओढून काढणं, मग वाळवणं. लोखंडी भागावर ब्रशने टॅनिक आम्ल, पितळ सोडून. पहिल्या हाताला करडेपणा जांभळट झाला, तिसऱ्या हाताला निळसर काळा. त्यानंतर कुलूप वितळलेल्या सूक्ष्मस्फटिकी मेणात बुडवलं, मेण १०० अंशांच्या वर तापलेलं, म्हणजे आत ओल उरली असेल तर तिची वाफ होऊन जावी. वरवर खडखडीत कोरड्या दिसणाऱ्या त्या कुलपाच्या चावीच्या भोकातून वीस मिनिटं बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. आम्ही दोघं भांड्याशेजारी उभे. माळ तुटली, पुन्हा सुरू झाली, मग थांबली.

भोकातला चावीचा तुकडा काढायचा का, यावर आमचा एक दिवस वाद झाला. मला तो हवा होता. बाईंचं म्हणणं, तो बाहेर ओढायचा तर पट्ट्या मोडतील, आणि तो तिथे आहे हे एक्स-रेत दिसतंच आहे. तुकडा आत राहिला. कुलूप उघडत नाही. झाकण मात्र हलतं, डाव्या अंगठ्याने.

आता वजन ७१५ ग्रॅम. नोंदणी होऊन ते माझ्याकडे ठेवायची परवानगी मिळाली आहे, विकायची नाही. हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलतो. महिन्यातून एकदा भिंगाखाली फिरवून पाहायचं, फोटो काढायचा, मागच्या फोटोशी ताडायचा. गेल्या रविवारी कडी जिथे पोटात शिरते तिथे एक नारिंगी ठिपका दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. मागच्या फोटोत तो नाही. बाईंना कळवलंय. त्या म्हणाल्या, मेण काढावं लागेल, घेऊन या, आणि येताना डिस्टिल्ड पाणी आणा.